अस्वल तुझं, कासव माझं

पास्कू, कासवाने आज खाल्लं. तू पहिलं तेच विचारलं असतंस, म्हणून आधी तेच सांगून टाकतो. गोगलगाई खाल्ल्या आणि मासळीचं एक डोकं. भाताला तोंड लावलं नाही, कारण भात मी घातलाच नव्हता.

बाकी सांगण्यासारखं काही नाही. तुझी सातव्या दिवसाची मिस्सा काल देवळात झाली. मी कोट घातला होता, तोच तुझ्या लग्नातला, ज्याला तू दरवेशाचा कोट म्हणायचास. तो आता खांद्यात ढिला होतो. तुला सिमेतरीत नेलं त्या दिवशी लोक माझ्या तोंडाकडे बघत होते. साडू होता, जन्मभर भांडले, आता हा रडेल, असं त्यांना वाटत असावं. मला काही आलं नाही. मी माती टाकली, हात झाडले, चहा दिला तो प्यालो. मेणबत्तीचं मेण बोटांवर सांडलं होतं तेही कळलं नाही. घरी आल्यावर मार्थाने नखाने खरवडून काढलं, तेव्हा खाली कातडी लाल झालेली दिसली. दुखत नव्हती. अजून दुखत नाही.

फादर म्हणाले होते, इनास, देवळात चार शब्द बोला. मी उठलो नाही. मग म्हणाले, लिहून द्या, आपल्या धर्मग्रामाच्या अंकात छापू. सून म्हणाली, तुम्ही सांगा, मी नीट लिहून काढते. ती शाळेत शिकवते. तिने नीट लिहिलं तर त्यात मी उरणार नाही. चौथीपर्यंत शिकलो तेवढं मला पुरतं. आपण भांडलो ते सगळं घरच्या बोलीत. ती बोली कागदावर कशी लिहायची ते कुणी शिकवलं नाही, म्हणून ही शाळेतली मराठी. तुला हसू येईल. हस.

तुझा जन्म, तुझी शाळा, तुझी नोकरी, हे फादरांनी मिस्सेत सांगितलं. त्यांनी बागेला उद्यान म्हटलं आणि तुला प्राणिमित्र. मी मार्थाकडे बघितलं, ती खाली बघत होती. प्राणिमित्र. मी तुला जेलर म्हणायचो ते त्यांना माहीत नव्हतं.

आपलं भांडण कुठून सुरू झालं ते अंक वाचणाऱ्यांना माहीत नाही. त्यांच्यासाठी सांगतो, तू नुसता ऐक. आपण दोघांनी दोन सख्ख्या बहिणी केल्या. मी थोरली मार्था, तू धाकटी त्रेजा. मी नंदाखाल गावचा, केळीची वाडी आणि थोडी फुलं. तू पापडीचा. तू शहरातल्या प्राण्यांच्या बागेत लागलास तेव्हा नातेवाईक हसले होते. आपल्याकडची पोरं मास्तर होतात, बँकेत लागतात, नाहीतर वाडी करतात. हा अस्वलाला जेवण वाढायला चालला. तेव्हा मी हसलो नव्हतो, हे लक्षात असू दे. नोकरी ती नोकरी, असं म्हणालो होतो.

मग तू आम्हाला बाग दाखवायला नेलंस. दोन्ही घरं, मुलं, डबे. तिकीट मला काढू दिलं नाहीस. खाकी कपडे घालून पुढे पुढे चालत होतास आणि एकेका पिंजऱ्यापाशी थांबून सांगत होतास, जशी काही स्वतःची वाडी दाखवतोयस. शेवटी अस्वलाकडे आणलंस. ते तुझं होतं, म्हणजे त्याचं खाणंपिणं तुझ्याकडे होतं. ते भिंतीपासून गजांपर्यंत यायचं, गजांपाशी मान एका बाजूला टाकायचं आणि वळायचं. परत भिंत. परत गज, परत मान. त्याच्या पायांनी फरशी गुळगुळीत झाली होती, आपल्या वाडीत पायवाट पडते तशी. मुलं हसत होती. त्यांना वाटलं नाचतंय.

मी विचारलं, "यानं कुणाचं काय चोरलं रे?"

तू ऐकलं नाही असं दाखवलंस. मी परत विचारलं, मोठ्याने, तुझे साहेब तिथे उभे होते तरी. मार्थाने बाही ओढली. मी म्हटलं, या कामाचा पगार मी घेतला नसता. ते वाक्य मी आजही मागे घेत नाही. पण तू डबा उघडला नाहीस त्या दिवशी, तेही माझ्या लक्षात आहे. सगळे झाडाखाली जेवत होते आणि तू उभा होतास.

पुष्कळ दिवस आला नाहीस. त्रेजा एकटी यायची, म्हणायची त्यांना ड्युटी आहे. मग आमच्या गावच्या सणाला आलास. ताटात डुकराच्या मटणाचं इंद्याल वाढलेलं, आणि तू पावाचा तुकडाही न मोडता बोलायला लागलास. उत्तर घेऊन आला होतास. ते अस्वल दरवेशाकडून सोडवलेलं होतं. लहान असताना त्याच्या नाकात तापलेली सळई घालून दोरी ओवली होती. दात पाडले होते. पोलिसांनी पकडून बागेत आणून दिलं तेव्हा नाकात किडे पडले होते, ते तू काढलेस, चिमट्याने, गजातून हात घालून. मादी होती. तू तिला बाय म्हणायचास. विचारलंस, "आता सांग, हिला कुठं सोडू? तुंगारेश्वराच्या डोंगरात? दात नाहीत, नाकाला वास नीट येत नाही. रात्र काढील का ती?"

मी म्हटलं, जेव आधी, गार होतंय. तू जेवलास. दुपारी पान खाताना मला उत्तर सुचलं. बाय राहू दे, तिचं वेगळं. वाघाला कुणी दरवेशाकडून सोडवला? तो तर तिथेच जन्मला, तूच सांगितलंस. मग जन्माला कशाला घालता, बघायला गर्दी येते म्हणून? तू सुपारी चघळत राहिलास आणि म्हणालास, पुढल्या रविवारी सांगतो.

असं सुरू झालं. मिस्सा संपली की तू नाहीतर मी, कुणीतरी एक एसटीत बसायचा. बायका स्वयंपाकघरात, आपण ओट्यावर. मुलं कंटाळून निघून जायची. तू म्हणायचास, शाळेच्या सहलीला एक मुलगी आली होती, तिने वाघ फक्त काडेपेटीवर बघितलेला. खरा बघितला आणि तिच्या तोंडून शब्द निघेना. ज्यानं बघितलंच नाही तो जंगल वाचवील कशाला? मी म्हटलं, देवाला तरी आपण कुठं बघितलंय, रविवारी जातोच ना. तू म्हणालास, हे मी फादरांना सांगणार. आणि खरंच सांगितलंस. फादरांनी मला थांबवून विचारलं तेव्हा तू मागे उभा राहून चपलेचा पट्टा बघत होतास.

मी काही प्रेमळ माणूस नाही. मार्थाला विचार. लोक माझं ऐकून घेतात, हो म्हणतात आणि उठून जातात, कारण याच्याशी बोलून उपयोग नाही असं त्यांचं ठरलेलं असतं. माझे मुलगेही तसंच करतात. तू आठवडाभर ते डोक्यात घेऊन फिरायचास आणि उत्तर घेऊन परत यायचास. एवढा माझा मान दुसऱ्या कुणी ठेवला नाही. हे जिवंतपणी तुला सांगायचं म्हणजे अवघडच होतं. तू लगेच म्हणाला असतास, मग हरलो म्हण.

फणसांचं मात्र सांगितलं पाहिजे. उन्हाळ्यात वाडीतले फणस पिकले की चांगला बघून मी तुझ्याकडे द्यायला बाजूला काढायचो, बायसाठी. केळीचा जास्त पिकलेला घडही. बागेत बाहेरचं खाणं चालत नव्हतं, तू डॉक्टरांना विचारून परवानगी काढलीस. आणि पहिला फणस नेलास तेव्हा परत येऊन सांगितलंस, बायने अख्खा फोडून खाल्ला आणि दुपारभर चालली नाही. बसून राहिली. मी म्हटलं, बघ. तू म्हणालास, काय बघ? दोघांनाही वाटत होतं की आपलं खरं ठरलं.

मग तो दिवस आला, विहिरीवरचा. तू पाय धुवायला गेलास, कठड्यावरून वाकलास आणि तसाच राहिलास. मला वाटलं चक्कर आली. तू हाक मारलीस, साडूभाऊ, इकडे या. तू साडूभाऊ म्हणालास की मला समजायचं, आता काहीतरी येतंय.

विहिरीत माझं कासव होतं. आपल्याकडे नवी विहीर खणून पाणी लागलं की फादर येऊन आशीर्वाद देतात आणि मग घरातला कर्ता माणूस टोपलीतून कासव सोडतो. ते किडे खातं, डासांची अंडी खातं, पाणी जिवंत राहतं असं सगळे मानतात. माझ्या लग्नाच्या वर्षी मी ती विहीर खणली आणि माझ्या हाताने कासव सोडलं. मार्था रोज दुपारी त्याला उरलेला भात टाकायची. सावली दिसली की ते वर यायचं आणि तोंड उघडून थांबायचं. पाहुण्यांना मी हौसेने दाखवायचो.

तू बोट दाखवून विचारलंस, "यानं कुणाचं काय चोरलं रे?"

मार्था दारात होती, ती हसली. मी हसलो नाही. मी म्हटलं, माझ्या विहिरीला दार नाही आणि कुलूप नाही. तू म्हणालास, कठडा चढून जाईल म्हणतोस. मी म्हटलं, पाणी हेच त्याचं घर. तू म्हणालास, बायचंही जमीन हेच घर, चार भिंतींतली. मग मी म्हटलं, माझं कासव तुझ्या बायसारखं येरझाऱ्या घालत नाही, ते पोहतं.

तू पाय पुसत होतास. मान वर न करता म्हणालास, "वरून बघतोस तू, इनास. गोल गोल फिरतं, त्याला तू पोहणं म्हणतोस."

मी तुला काहीतरी उलट बोललो, काय ते आठवत नाही. एक गोष्ट तुला कधी सांगितली नाही. त्यानंतर मी पाणी काढायला वाकलो की मला ठरवता येईना, ते फिरतंय की पोहतंय. उभा राहून बघायचो. घागर पाण्यात तशीच बुडून राहायची. मार्थाने एकदा विचारलं, काय हरवलं का विहिरीत?

तरी मी ते बाहेर काढलं नाही. तू म्हणालास म्हणून काढायचं हे माझ्याच्याने होणार नव्हतं.

आणखी एक न सांगितलेलं. तू निवृत्त झाल्यावर परत बागेत गेला नाहीस. मुलांनी म्हटलं तरी नाही. मी म्हणायचो, सुटलास म्हणून आनंद झालाय, तू म्हणायचास, हो. पुढे एकदा मी चाफा घेऊन दादरच्या फुलबाजारात गेलो होतो. माल लवकर उठला. काय डोक्यात आलं कुणास ठाऊक, बागेत गेलो. या वेळी माझं तिकीट मी काढलं. पिशवीत चार केळी होती. बायचा पिंजरा रिकामा होता. पाण्याने धुतलेला, दार उघडं, फरशीवर तिच्या पायांची वाट तेवढी चकाकत होती. तिथल्या माणसाला विचारलं, तो नवीन होता, म्हणाला, म्हातारं अस्वल ना, ते गेलं. केळी मी तशीच परत आणली.

पुढल्या रविवारी तू ओट्यावर बसून म्हणालास, आता बाय म्हातारी झाली असेल, तिला फणस कोण देत असेल. मी म्हटलं, देत असतील कुणीतरी. मला तेव्हा तुझ्यावर सरशी करता आली असती. बघ, गजाआडच मेली, असं म्हणता आलं असतं. मी पानाचा डबा पुढे केला. तुला आधीच कळलं होतं की नाही, ते आता मला कळणार नाही. बागेतले तुझे सोबती दोघे मातीला आले होते. विचारावं असं वाटलं, पण नाही विचारलं.

मग आपल्याकडचं पाणी बिघडलं. वाड्यांमधून पंप लावून टँकर भरायला लागले, त्या बिल्डिंगी उठत होत्या त्यांना पाणी. माझ्या विहिरीतून मी घागरभर पाणी विकलं नाही. पण जमिनीखाली कुणाचं कुंपण नसतं. यंदा उन्हाळा लागताच पाणी खारं झालं. केळीची पानं कडेने जळली. कासव वरच तरंगायला लागलं, डोळे सुजलेले, पाठीवर पांढरे चट्टे. भात टाकला तर तोंड उघडायचं आणि तसंच ठेवायचं.

मी तुला बोलावलं नव्हतं. मार्थाने त्रेजाला फोन केला. तू आलास, वाकून बघितलंस आणि वर काढायला लागेल एवढंच म्हणालास. रहाटाच्या दोरीला टोपली बांधली, टोपलीत मासळी ठेवली. ते आलं आणि बसलं. वर ओढलं तेव्हा केवढंसं होतं. वरून एवढी वर्षं मोठं दिसायचं, टोपलीत ताटाएवढंही नव्हतं. तू ते मांडीवर घेऊन उकळलेल्या पाण्याच्या बोळ्याने त्याचे डोळे पुसलेस. तुझे हात मी पहिल्यांदा कामात बघितले. बायचे किडे याच हातांनी काढले असतील असं मनात आलं. बोललो ते वेगळंच. बोललो, आता याला तुझ्या जेलात नेऊ नकोस.

कारण तुझ्या मनात तेच होतं. बागेत तळं आहे, डॉक्टर आहे, मी सांगितलं तर घेतील. मी म्हटलं, मेलं तरी चालेल, गजाआड नाही जाणार. आजच बावखलात सोडून देतो. आपल्या वाड्यांमधली ही तळी पावसाच्या पाण्यावर जगतात, अजून खारी झालेली नव्हती. तुझ्या घरामागेच होतं एक. तिथली कासवं मोकळी आहेत, हेही राहील मोकळं.

तेव्हा तू पहिल्यांदा माझ्यावर आवाज चढवलास. म्हणालास, "सोडून देणं वेगळं आणि टाकून देणं वेगळं, इनास. माणूस दिसला की ते तोंड वर करतं. तूच शिकवलंस. उद्या बावखलावर कुणी गळ घेऊन बसला तर हे आपणहून त्याच्या पुढ्यात जाऊन उभं राहील. रात्री त्याच्या घरी शिजेल."

मी म्हटलं, ते त्याचं नशीब. तू म्हणालास, नशीब नाही, तुझा भात.

आपण किती वेळ ओरडत होतो माहीत नाही. मार्था आली, टोपली उचलली आणि म्हणाली, दोघेही गप्प बसा. हे त्रेजाच्या बावखलात जाईल, एका कोपऱ्याला जाळं लावा, बरं झालं की सोडा. तिने आपल्याला विचारलंच नाही.

तुझ्याबरोबर अंगमेहनतीचं काम केलं ते तेवढंच, ते जाळं. अर्नाळ्याच्या कोळ्याकडून फाटकं जाळं आणलं. बांबू मी तोडले, चिखलात मी ठोकले, कारण तुला दम लागायला लागला होता. तू म्हणायचास सर्दी आहे. दार तू केलंस, बांबूच्या कामट्यांचं, काथ्याने बांधायचं. मी म्हटलं, निवृत्त झालास पण पिंजरे सुटले नाहीत. तू म्हणालास, पिंजरा नाही, इस्पितळ. मी म्हटलं, इस्पितळात घरी कधी सोडणार ते सांगतात. तू बांबूला टेकून श्वास घेतलास आणि सांगितलंस, ज्या दिवशी ते आपल्याला बघून पळेल त्या दिवशी, आणि पाऊस होऊन पाणी चढल्यावर.

मग तुझे कायदे सुरू झाले. काठावर गोणपाटाचा पडदा बांधलास. खाणं टाकायचं ते पडद्याआडून, तोंड दाखवायचं नाही. भात बंद. गोगलगाई, छोटी मासळी, ती त्याने स्वतः शोधायची. आणि बोलायचं नाही, कारण माझा आवाज ते ओळखतं, असं मला सांगितलंस. मी दोन दिवसांआड एसटीने यायचो, त्या गोणपाटामागे बसायचो, आणि माझंच कासव मला चोरून बघायला लागायचं. एकदा तुला पाण्यावर भाताची शितं दिसली. तू मला ओढत नेलंस आणि बोट दाखवलंस. मी म्हटलं, उडून आली असतील. तू म्हणालास, साडूभाऊ, शिजून उडाली का? हसता हसता तुला खोकला लागला आणि थांबेना. त्रेजा पाणी घेऊन धावली. त्या दिवशी मी भात घालणं सोडलं. तुला वाटलं मी ऐकलं. ते ऐकणं नव्हतं.

इस्पितळात तुझ्या नाकात नळी होती. कॉटला दोन्ही बाजूंनी गज. मी खुर्चीवर बसलो आणि कुठे बघायचं ते कळेना. मला जे दिसत होतं ते तुलाही दिसलं होतं. तू नळीकडे बोट केलंस आणि म्हणालास, "इनास, मी कुणाचं काय चोरलं रे?"

त्रेजाने तोंड फिरवलं. मी म्हटलं, माझे रविवार. तू मान हलवलीस, कबूल असल्यासारखी.

मग विचारलंस, खाल्लं का? मी म्हटलं, खाल्लं. पळालं का? मी म्हटलं, नाही. म्हणालास, मग दार उघडू नकोस. मी म्हटलं, उघडणार. पाऊस होऊ दे रे, एवढा महिना, असं म्हणालास. आणि मी म्हटलं, "उद्याच उघडतो. तू ये अडवायला."

तू हसलास. खोकला आला, नर्सने मला बाहेर काढलं. मी बाहेर बाकावर बसलो, माझी एसटीची वेळ झाली तेव्हा उठून गेलो. पहाटे फोन आला.

तेच आपलं शेवटचं बोलणं. लोक म्हणतात, मरणाऱ्याशी गोड बोलावं. मी तुझ्याशी कधी गोड बोललो नाही. त्या दिवशी गोड बोललो असतो तर तुला कळलं असतं की तू मरतोयस. हे मी आता म्हणतोय. तेव्हा असं काही मनात नव्हतं, तेव्हा नेहमीसारखा उलटा बोललो, बस.

माती झाल्यावर दोन दिवसांनी मी पापडीला गेलो. घरात शिरलो नाही, बाजूने सरळ मागे गेलो. दार उघडायचंच म्हणून गेलो होतो. तुला सांगून ठेवलं होतं आणि मी सांगितलेलं करतो. काथ्याची गाठ तुझी होती, ती सुटेना, दातांनी सोडवली. दार अर्धं आत ढकललं.

मी हाक मारली नव्हती. पावलांचा आवाजही केला नव्हता. ते कुठून तरी आलं आणि माझ्या पायांपुढे चिखलात मान वर करून तोंड उघडून थांबलं. तुझ्या सगळ्या कायद्यांनंतरही. मी टाळी वाजवली. ते थांबलेलंच. ढेकूळ उचलून मारलं, अंगावर नाही, बाजूला. हातभर मागे गेलं आणि परत आलं. मी त्याला शिव्या दिल्या, ज्या मी तुलाही कधी दिल्या नाहीत. ते माझ्याकडे बघत राहिलं. एवढ्या वर्षांत त्याने मला ओळखलं याचा मला आनंद व्हायचा. त्या दिवशी नाही झाला. पलीकडच्या काठावर दोन माणसं गळ टाकून बसली होती.

अस्वलाचं माझं म्हणणं आहे तिथेच आहे, हे स्पष्ट लिहून ठेवतो. वाघाचंही. ज्याला धड सोडता येत नाही असा जीव मुद्दाम तयार करायचा आणि मग सोडता येत नाही म्हणून ठेवायचा, हे मला पटलेलं नाही आणि पटणार नाही. तुझ्याकडे यावर उत्तर असेल. तू ते घेऊन आला असतास. तुझ्या बाजूने मी बोलणार नाही, ते काम तुझं होतं.

मी दार ओढून घेतलं. तुझी गाठ मला येत नाही, माझी बांधली, वाडीत केळीच्या घडाला बांधतो ती. मागे वळलो तर त्रेजा उभी. केव्हापासून उभी होती माहीत नाही. पांढऱ्या कपड्यात ती एकदम तिच्या आईसारखी दिसली.

ती म्हणाली, "भावजी, बांधता कशाला? उघडून टाका ना. मला नाही जमायचं रोजचं त्याचं खाणंपिणं. आणि तुम्ही तर यांना सांगितलं होतंत, उद्याच उघडतो म्हणून. मी तिथंच होते."

मी म्हटलं, "ते मी पास्कूशी भांडत होतो."

ती घरात गेली, मासळीच्या डोक्यांची थाळी घेऊन आली आणि माझ्या हातात दिली. मी गोणपाटामागे जाऊन बसलो.